पुष्पाबाईंचा खोकला

"कापूस आला वाटते जिनात," शिलाई मशीनवरून मान न उचलता भाऊराव म्हणाले.

आत भाकरी थापता थापता पुष्पाबाई खोकत होत्या. ही थट्टा दरवर्षीची. दिवाळी झाली की मलकापूरच्या जिनिंगमध्ये काम सुरू व्हायचं, पुष्पाबाई तिथं कापूस निवडायला जायच्या आणि त्यांच्यासोबत खोकला घरी यायचा. सुटीनंतर कामावर गेल्या की त्या दिवशी जास्त, मग हळूहळू कमी. ताप नाही, नाक गळणं नाही. नुसती कोरडी ढास आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं ओझं. हंगाम संपला की खोकलाही जायचा. लेक समता पाळण्यात होती तेव्हापासूनचं हे. ती मेहकरला सासरी गेली, तरी फोनवर तिला आधी खोकला ऐकू यायचा आणि मग आईचा आवाज.

यंदा थंडी कडक पडली. जिनातल्या बायकांमध्ये ताप फिरत होता. शेजारच्या शालूबाई आधी पडल्या. पुष्पाबाई त्यांच्याकडे खिचडी घेऊन गेल्या, डोकं दाबून दिलं, जवळ बसून चहा प्यायल्या. शालूबाई बऱ्या झाल्या आणि पुष्पाबाई पडल्या. सकाळी धडधाकट कामावर गेलेली बाई दुपारीच परतली. सगळं अंग ठणकतंय म्हणाली आणि घरातली होती नव्हती ती पांघरुणं अंगावर ओढून निजली.

भाऊरावांनी अद्रकाचा चहा केला, मेडिकलमधून तापाची गोळी आणली. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. खोकला तर होताच. पण तो त्यांच्या कानांच्या इतका सवयीचा होता, की आता त्यात घरघर आली आहे, एक वाक्य पुरं करायला बायकोला मधे थांबावं लागतंय, हे ऐकूनही त्यांना कळलं नाही. दवाखान्यात जाऊ, असं ते एकदा म्हणाले.

"दरसालचंच तर हाय," पुष्पाबाई म्हणाल्या. "जाते आपोआप."

भाऊरावांना ते पटलं.

एका सकाळी ते पाणी घेऊन गेले, तर तिचे ओठ निळसर पडले होते. गल्लीतल्या गोकुळनं ऑटो काढला. मोठ्या दवाखान्यात लगेच ऑक्सिजन लावला. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, खोकला कधीपासून आहे. दरसाल असतो, भाऊरावांनी सांगितलं.

"दरसालचा नाही, काका. हा खोकला कधीपासून आहे?"

भाऊराव बोटांवर दिवस मोजू लागले.

नंतर त्या बाहेर बाकावर येऊन बसल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं. साधी सर्दी हळूहळू येते, शिंका येतात, नाक वाहतं, पण माणूस हिंडताफिरता असतो. कापसाच्या धुळीचा खोकला कामासोबत येतो, त्याला ताप नसतो. हा फ्लू आहे. तो बहुतेक वेळा एकदम पाडतो, तापानं आणि अंगदुखीनं. आणि वर्षानुवर्षं धूळ खाल्लेल्या छातीत उतरला, की तिथं ठाण मांडतो. अशा माणसांसाठी दरवर्षी हंगामाआधी घ्यायची लस असते. भाऊराव मान हलवत राहिले. अशी लस असते हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

दोन दिवसांनी पुष्पाबाई गेल्या.

समता लेकराला घेऊन आली. प्रसेनजित जेमतेम सहा महिन्यांचा. नाव आजीनंच ठेवलेलं. माती देऊन आल्यावर भाऊराव नातू मांडीवर दिला की त्याची पाठ थोपटत बसायचे.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे पुष्पाबाईंच्या कार्याच्या आदल्या दुपारी त्यांच्या अंगात कणकण आली. बघता बघता हाडं दुखू लागली, हुडहुडी भरली. समता लेकराला त्यांच्याकडे द्यायला आली, तेव्हा त्यांनी पुढे केलेले हात मागे घेतले. उठले आणि एकटेच दवाखान्यात जाऊन आले. येताना गोळ्या आणि मास्क आणले. खाट काढून अंगणापलीकडच्या टिनाच्या शेडमध्ये टाकली. ताट, तांब्या वेगळा मागून घेतला.

समता अंगणात येऊन उभी राहिली. "बाबा, मायच्या कार्याले तुम्हीच बाहेर? लोक काय म्हणतीन?"

"म्हणू दे. तुह्या मायचा खोकला मले वळखू आला नाही. हा माहा वळखू आला." त्यांनी मास्क नाकावर सारखा केला. "लेकराले इकडे आणू नको. त्यानं दूध सोडलं, नाहीतर त्याले धाप लागली, तर मले विचारत बसू नको. सिधं दवाखान्यात ने."

समता तिथेच उभी राहून रडली. भाऊराव खाटेवरून उठले नाहीत. तिला जवळ घ्यावं असं त्यांना फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी माणसं जमली. गर्दीत नको म्हणून प्रसेनजितला शालूबाईंच्या घरी निजवलं होतं. भाऊराव शेडमध्ये का बसलेत, हे ज्याला त्याला समताच सांगत होती. तरी धक्क्यानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं कोणीतरी कुजबुजलंच. एक नातेवाईक त्यांना हाताला धरून आत न्यायला आले, तेव्हा भाऊरावांनी लांबूनच हात जोडले आणि मागे सरकले.

फोटोला फुलं वाहायची वेळ झाली तशी समता ताट घेऊन अंगणाच्या मध्यापर्यंत आली. तुम्ही एक फूल उचलून द्या, मी नेऊन वाहते, असं तिनं सुचवलं.

"माह्या हातचं नको," भाऊराव म्हणाले. "माह्या नावानं तूच वाहून दे."

आत त्रिशरण-पंचशील सुरू झालं. भाऊराव खाटेचा आधार घेत उभे राहिले. मास्कच्या आत, सगळ्यांच्या मागून, तेही म्हणू लागले. मधेच खोकला आला, तेव्हा टिनाकडे तोंड फिरवून खोकले आणि पुढचा शब्द पकडला.

दारात उभ्या असलेल्या माणसांच्या खांद्यांमधून फोटो तेवढा दिसत होता. समता पुढे झाली. तिनं एक फूल वाहिलं आणि हात जोडले. मग दुसरं उचललं. ते वाहायला तिला बराच वेळ लागला.