पैशांचा उगम

भिशीतला शेवटचा नंबर आईने मागून घेतला होता. मिस आयसीच्या भिशीत जमैकातल्या आमच्या मे पेन गावच्या बायका-पुरुषांची सव्वीस नावं होती. दर शनिवारी प्रत्येकाने तिच्या कापडदुकानात हप्ता नेऊन द्यायचा आणि दर शनिवारी एकाने सगळी रक्कम उचलायची. लवकरचा नंबर मिळावा म्हणून लोक मिस आयसीला ताजे मासे नेऊन देत. आईने दोन नावं घातली आणि वर म्हणाली, “मला शेवटी दे गं. आधी हातात आले तर छप्पर मागेल, शिलाईयंत्र मागेल. शेवटी आले की सरळ पोरीच्या खात्यात.”

“वेरोना, तू पहिली बाई बघितली शेवटचा नंबर मागणारी,” मिस आयसी म्हणाली. “पोरगी गेली की तुझं डोकं पण तपासून घे.”

आई शाळेचे गणवेश शिवायची. खाकी शर्ट, चुण्यांचे झगे. मी तिच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून रसायनशास्त्राच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायची. बॉक्साइटच्या खाणींचा तांबडा गाळ आमच्या विहिरींत उतरतो, त्या पाण्याबद्दल मला शिकायचं होतं. गणितात पहिल्या वेळी कमी पडले, म्हणून एक वर्ष थांबून ते पुन्हा दिलं. इंग्रजी ही आमच्या शाळेची भाषा, तरी इंग्रजी येतं हे सिद्ध करणारी परीक्षा फी भरून दिली.

“जन्मभर त्यांच्या राणीची गाणी म्हटली आपण,” आई म्हणाली होती, “आणि आता विचारतात, बोलता येतं का!”

उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या एका विद्यापीठाने प्रवेश दिला, अर्धी फी माफ केली. उरलेली फी आणि एका वर्षाचा खर्च आपल्याजवळ आहे, एवढं व्हिसा कार्यालयाला दाखवायचं होतं. शेवटच्या दोन शनिवारी आईने आपल्या दोन्ही नावांची रक्कम उचलली. सोमवारी आम्ही दोघी बँकेत गेलो. आईने चर्चला जायची टोपी घातली होती. बुधवारी मी खात्याचा उतारा जोडून अर्ज पाठवला.

उतारा सहा महिन्यांचा मागितला होता. पाच महिने आणि तीन आठवडे त्या खात्यात जेमतेम काही होतं, आणि मग एका दिवसात सगळं. आईचं म्हणणं, पाहुणा येतो तेव्हा पातेलं भरलेलं दिसलं पाहिजे, कधी भरलं ते कोण विचारतो. तिचं ठीक आहे. सूचनापत्र मी तीनदा वाचलं होतं. इतकी पुस्तकं वाचलेल्या मुलीला त्यातली एक ओळ कळू नये?

नकार आला. “खात्यात अचानक जमा झालेल्या रकमेचा उगम स्पष्ट होत नाही.” योग्य पुराव्यासह पुन्हा अर्ज करता येईल, असंही लिहिलं होतं. विद्यापीठाने जागा एक वर्ष राखून ठेवली.

पुरावा म्हणजे मिस आयसीची सही. दोन ओळी: वेरोना कॅम्बलने माझ्याकडे सहा महिने हप्ते भरले आणि अमुक तारखेला ही रक्कम उचलली. मी त्या ओळी टाईप करून तिच्या दुकानात गेले. आईला सांगितलं नाही.

मिस आयसीने कागद हातातही घेतला नाही. “हे काय?”

“फक्त एक सही, मिस आयसी.”

“चाळीस वर्षं भिशी चालवते मी. कुणाचा एक डॉलर बुडाला?”

“नाही.”

“कुणाला पावती दिली?”

“नाही, पण व्हिसावाले—”

“व्हिसावाल्यांना माझ्याकडे पाठव. माझ्या भिशीत पाद्र्याची बायको आहे, पोलिसाची बायको आहे. नवऱ्याच्या नकळत भरतात बिचाऱ्या. आज तुला सही दिली की उद्या सरकारी माणूस वही मागायला दारात. मी काय चोर आहे?”

“असं मी म्हटलं नाही.”

“कागद मागितलास म्हणजे म्हटलंस, ओनिका.”

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. आई कात्री खाली ठेवून बसली होती.

“तू आयसीकडे कागद मागितलास?”

“मम्मी, दुसरा मार्ग नव्हता.”

“मला विचारायचा मार्ग होता.”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“हो. नाहीच म्हणाले असते.” मग तिने शर्ट पुन्हा हातात घेतला आणि काजं करायला लागली.

पुढच्या फेरीत आईचं नाव नव्हतं. एकोणीस वर्षांनंतर. मिस आयसीने भांडण केलं नाही, फक्त शनिवारी हप्ता घेतला नाही. “या वेळी माणसं पुरी झाली,” म्हणाली. आई पैसे मुठीत तसेच धरून परत आली. त्यानंतर ती बाजाराला दुसऱ्या रस्त्याने जायची. मी मात्र नकाराचं खापर तिच्याच डोक्यावर फोडत राहिले. जेवताना, अगदी शांत आवाजात: दर आठवड्याला बँकेत टाकले असतेस तर. शेवटचा नंबर कुणी मागतं का? ती म्हणायची, “जेव, मासा गार होतोय.”

फेब्रुवारीत तिचा रक्तदाब चढला आणि डावी बाजू गेली. भिशीचे पैसे इस्पितळात गेले, उरले ते शवपेटीत आणि अंत्यविधीच्या जेवणात. अंत्यविधीला मिस आयसी आली, सगळ्यांत मोठ्याने गायली.

पतपेढीतून पत्र आलं तेव्हा मला कळलं, आईने तिथे आयुर्विमा उतरवला होता. वारस मी एकटी. खिडकीतल्या बाईने तीन कागद दिले, तिन्हींवर गोल शिक्का: मृत्यूचा दाखला पाहिला, वारस पाहिला, रक्कम अदा केली.

“व्हिसासाठी आणखी एक प्रत देऊ का?” तिने आपणहून विचारलं. “असे कागद त्यांना चालतात.”

अर्जात उगमाच्या रकान्यात मी लिहिलं, ‘आईच्या मृत्यूनंतर मिळालेला विमा.’ सतरा दिवसांत मंजुरी आली. कुणी एक प्रश्न विचारला नाही.

शनिवारी संध्याकाळी मिस आयसी फाटकाशी येऊन उभी राहिली. हातात केळीच्या पानात गुंडाळलेला रताळ्याचा केक होता.

“ऐकलं मी. मिळाला ना अखेर? देव बघतो गं. वेरोना आज असती तर—”

“असती तर मिळाला नसता, मिस आयसी.”

ती फाटकाची कडी धरून उभी राहिली. मी केक घेतला, आभार मानले. आत ये म्हणाले नाही.