पहिल्या पाण्याला आकडा नसतो

मी बोलतेय ती तांब्याची वाटी, आणि माझ्या बुडाला भोक आहे. हसू नका. त्या भोकासाठीच तांबटाने मला घडवलं.

वाळवंटातल्या आमच्या खजुरांच्या गावात झरा एकच. पाटाकाठच्या रांजणात मला तरंगत सोडतात. भोकातून पाणी चढतं, मी बुडते; तेवढ्या वेळात बागेत गेलं ते एक माप. मला सोडताना बस्सूकाका आमच्या अमाझिग बोलीत हाक देतो, त्या हाकेवर ज्याचं त्याने आपल्या बागेकडे वळणारं पाटाचं मातीचं दार कुदळीने उघडायचं.

पहिल्या मापाला मात्र एक म्हणायचं नाही. म्हणायचं बरकत. मग दुसऱ्या मापाला यान, म्हणजे एक, तिसऱ्याला सिन, म्हणजे दोन, असं पुढे. चार पिढ्या मी हेच ऐकत आले. यान ऐकू आलं की समजावं, आधीच्याचंच पाणी अजून चालू आहे.

विधवा यत्तोच्या वाटणीला एकच माप. म्हणजे नुसती बरकत.

मग पाण्याची समिती आली. तिचा चिटणीस इद्दर, बस्सूकाकाचाच पुतण्या, पण शहरात वाढलेला. आपली बोली त्याला जेवणापुरती येते. यादी करताना त्याने विचारलं, तेव्हा यत्तो म्हणाली, "माझी बरकत."

"बरकत सगळ्यांचीच होवो, मावशी," तो हसला. "आकडा सांग."

"पहिल्या पाण्याला आकडा नसतो रे. मोजलं की झऱ्याला कळतं, आपणही संपणार."

इद्दरने रकाना कोरा ठेवला. कोऱ्या रकान्याला पाणी मिळत नाही. दोन पाळ्या गेल्या. तिच्या चार झाडांचे घोस हिरवेच वाळून गळाले. बस्सूकाका भांडला, तर पुतण्याने त्याला म्हातारचळ लागल्याचं चारचौघांत सांगितलं. मला संताप आला, पण वाटीचा संताप कोण विचारतो?

परवा यत्तो समितीत गेली. पदर तोंडावर ओढून म्हणाली, "एक लिही बाबा." इद्दर खूश झाला. त्याने फर्मान काढलं, यापुढे हाकही यादीप्रमाणेच द्यायची, पहिल्यापासून आकड्याने.

आज सकाळी झऱ्याचं पाणी चार बोटं खाली आहे. कारण मला ठाऊक नाही. बायका घागरी घेऊन उभ्या आहेत. यत्तोची पाळी आली. बस्सूकाकाने मला रांजणात सोडलं. त्याचे ओठ बरकतसाठी जुळले. शेजारी इद्दर यादी धरून उभा होता.

"यान," बस्सूकाका म्हणाला.

यत्तो दाराशी कुदळ घेऊन उभी आहे. हाक आपलीच आहे हे तिला ठाऊक आहे. पण जन्मभर त्या शब्दावर थांबायला शिकलेला हात उठत नाही. पाणी तिच्या दारावरून पुढे चाललंय.

मी अर्धी भरले. मला भीती वाटतेय.

यत्तो, शब्द राहू दे बाई. दार उघड. मी बुडतेय.