दोन दुर्बिणींचा अहवाल

बळवंतराव आपटीकरांनी तीस वर्षांत पक्ष्यांच्या वहीत एक शब्द खोटा लिहिला नव्हता. जे दिसलं ते लिहायचं, जे दिसलं नाही ते लिहायचं नाही, आणि दिसल्यासारखं वाटलं त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकायचं, हा त्यांचा नेम. एक वेळ पूजा चुकवतील पण प्रश्नचिन्ह चुकवणार नाहीत, असं मंडळातली पोरं पाठीमागे म्हणत, आणि ते कानावर आलं की बळवंतरावांना मनातून बरंच वाटायचं. असा हा माणूस शनिवारी सकाळी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या घरात घड्याळाकडे बघत बसला होता. अकरा वाजता विनिता येणार होती. तिला एकच गोष्ट विचारायची होती: तिच्या नवऱ्याचा, पुष्करचा, तिघऱ्याच्या धरणावर पाय घसरला की त्यानं स्वतःहून जीव दिला? आणि बळवंतरावांना ते ठाऊक नव्हतं.

ठाऊक असायला हवं होतं, हेच तर दुखणं होतं. पुष्करच्या आयुष्यातली शेवटची बावीस मिनिटं दोन माणसं त्याच्याकडे टक लावून बघत होती, आणि तीही जगातल्या उत्तमोत्तम भिंगांतून.

मागच्या रविवारची गोष्ट. पक्षिमित्र मंडळानं वर्गणी काढून एक चांगली परदेशी दुर्बीण घ्यायचं ठरवलं होतं. दिल्लीच्या एका विक्रेत्यानं दोन दुर्बिणी आठवडाभर पारखायला पाठवल्या होत्या, एक हिरवी आणि एक काळी, दोन्ही दहा पट मोठं दाखवणाऱ्या. पारख करायचं काम बळवंतरावांकडे आलं. कॉलेजात जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाशी भिंगांवरून वाद घालायची कुणाची छाती होती? जोडीला संभाजीराव होते, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, बळवंतरावांचे जुने दोस्त आणि त्यांचा काटेकोरपणा सहन करणारे बहुधा ग्वाल्हेरातले एकमेव गृहस्थ.

दुर्बिणींची तुलना म्हणजे चार झाडं बघितली आणि झालं, असं नसतं. दोन्हींतून एकच वस्तू बघायची, एकाच उजेडात, आळीपाळीनं. वस्तू जागची हलणारी नको आणि तिच्यात बारकावे हवेत. पांढरी असेल तर फारच छान, कारण भिंग हलकं असलं की पांढऱ्याच्या कडेला जांभळट रेघ दिसते. पक्षी या कामाला कुचकामी. ते कुठे एका जागी ठरतात? सकाळी धुकं जरा विरल्यावर पाण्याच्या चिंचोळ्या फाट्यापलीकडे, दोनशे मीटरवर, काळ्या खडकावर एक माणूस बसलेला दिसला. पांढरा शर्ट घातलेला.

"घे, तयार नमुना मिळाला तुला," संभाजीराव म्हणाले. "हलत पण नाहीये बिचारा."

बळवंतरावांनी मांडीवर वही घेतली आणि लिहायला सुरुवात केली. ८.५२, लक्ष्य: पलीकडच्या खडकावरील इसम, दोन्हींत जांभळी कड नाही. ८.५८, हिरवीत शर्टाची बटणे मोजता येतात. मग दुर्बिणींची अदलाबदल. संभाजीरावांना चष्मा, बळवंतरावांना नाही, त्यामुळे दर खेपेला डोळ्यांपाशी येणाऱ्या रबरी वाट्या आत-बाहेर फिरवायच्या, उजव्या डोळ्याची चकती पुन्हा जुळवायची, त्यात मिनिट-दीड मिनिट जायचं. ९.०३, इसमाने बूट काढून शेजारी ठेवले, नाड्या हिरवीत वेगळ्या दिसतात. ९.०७, इसमाने घड्याळ काढून बुटात ठेवले. पट्टा धातूचा आहे हे फक्त हिरवीत कळते. ९.११, इसमाचे ओठ हलताना हिरवीत स्पष्ट, काळीत अंदाजाने.

"ओठ दिसतायत, संभाजी! दोनशे मीटरवरून!" बळवंतराव पोरासारखे हरखले होते. ओठ हलताहेत ते का, जवळपास कुणी नसताना हा माणूस बोलतो कुणाशी, हे त्यांच्या डोक्यात आलंही नाही. त्यांना ओठांशी कर्तव्य नव्हतं, भिंगाशी होतं.

पुन्हा अदलाबदल झाली. या खेपेला दुर्बिणीचा पट्टा संभाजीरावांच्या मफलरमध्ये अडकला, तो सोडवता सोडवता दोघं हसले, थोडा वेळ गेला. बळवंतरावांनी काळी दुर्बीण डोळ्यांना लावली तेव्हा खडकावर कुणी नव्हतं.

"गेला वाटतं," ते चिडून म्हणाले. "अजून दोन मिनिटं बसला असता तर काय बिघडलं असतं?"

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून चक्रवाकांचा थवा एकदम ओरडत उठला. नारिंगी पाठी उन्हात चमकल्या, आणि बळवंतरावांचा राग कुठल्या कुठे पळाला. उडता थवा म्हणजे दुर्बीण किती रुंद दाखवते हे बघायची संधी. त्यांनी झटकन हिरवी मागून घेतली. ९.१४, लक्ष्य निघून गेले. चक्रवाक उडाले, संख्या ३४. हिरवीत थवा पूर्ण मावतो.

पक्षी उगाच उडत नाहीत, कशानं उडाले ते आधी बघा, हे ते मंडळातल्या पोरांना दर रविवारी ऐकवत. त्या दिवशी स्वतः बघितलं नाही. खडकावर बूट अजून होते का, हेही नाही. दुपारी चारला त्यांनी अहवाल मराठीत आणि हिंदीत मंडळाच्या ग्रुपवर टाकला, आणि संध्याकाळपर्यंत शाबासकीचे अंगठे मोजत बसले.

मंगळवारी मासे धरणाऱ्यांना प्रेत सापडलं. बुधवारच्या पेपरात फोटो आला आणि बळवंतरावांच्या पायाखालची जमीन सरकली. पुष्कर त्यांच्या ओळखीतला. ग्वाल्हेरात मराठी घरं ती किती, आणि त्यातून हा सरोजिनीबाईंचा एकुलता एक. त्याच्या मुंजीत ते पंगतीला बसले होते. शर्टाची बटणं मोजली, बुटाच्या नाड्या मोजल्या, आणि तोंड ओळखलं नाही. लाज वाटली, पण लाज हा शब्द थोडा पडतो. आपण माणूस आहोत की नाही, असाच प्रश्न त्यांना पडला.

संभाजीरावांचा फोन आला. "बळवंत, तो मेसेज उडवून टाक यार. पोलिसांनी आपल्याला विचारलं नाहीये, आपण कशाला पुढे व्हायचं? आणि आपण त्याला पडताना तर पाहिलंच नाही." बळवंतरावांनी मेसेज उडवला, पण तोवर तो कुणी कुणी पुढे पाठवून टोपी बाजारात सरोजिनीबाईंच्या घरापर्यंत पोचला होता. बूट काढले, घड्याळ काढून ठेवलं, हे वाचून सरोजिनीबाईंना जे म्हणायचं होतं त्याला पुरावाच मिळाला. रविवारी सकाळी नवरा-बायकोचं भांडण झालं होतं, पुष्कर स्कूटर घेऊन तसाच तणतणत निघून गेला होता, हे साऱ्या आळीनं ऐकलेलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकासमोर सरोजिनीबाई म्हणत, हिनं माझ्या मुलाला मरायला लावलं. तेरावा झाला की हिनं इंदूरला माहेरी जावं, पाच वर्षांची अंतरा मात्र इथेच राहील, हेही त्यांनी नातलगांसमोर सांगून टाकलं होतं आणि नातलगांनी माना डोलावल्या होत्या. ही सगळी बातमी बळवंतरावांच्या पत्नी मंजिरीबाई घेऊन आल्या, आणि सांगता सांगता नवऱ्याकडे न बघता स्वयंपाकघरात निघून गेल्या.

विनिता अकराला पाच कमी असताना आली. ओढणी डोक्यावर, चेहरा रडून रडून सुजलेला. बस म्हटलं तरी ती बसली नाही. तिनं फोन पुढे केला.

"काका, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो."

"आई म्हणतात, जीव द्यायचा असला की माणूस असं करतो. बूट बाजूला, घड्याळ बाजूला. काका, सच बताइए. तुम्ही तिथेच होतात. घसरला की..."

मला माहीत नाही, एवढंच बळवंतरावांना म्हणायचं होतं. तेच खरं होतं. तेच म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण ही मुलगी ते तीन शब्द घेऊन त्या घरात परत जाणार, आणि त्या तीन शब्दांवर तिची लेक तिच्यापासून तोडली जाणार, हे त्यांना लख्ख दिसलं. निदान हे तरी दिसलं.

"घसरला," ते म्हणाले.

विनिता एकदम खाली बसली.

"पाण्यात पाय सोडायचे असतील त्याला. म्हणून बूट काढले. खाली उतरायला लागला आणि शेवाळावरून पाय गेला."

"तुम्ही पाहिलं? स्वतः?"

"पाहिलं."

"आणि इथे लिहिलंय, ओठ हलत होते. काय बोलत होता तो? मला शिव्या देत होता का? सकाळी मी पण खूप बोलले होते हो त्याला. फालतू गोष्टीवरून."

"छे गं. गुणगुणत होता. मान जराशी हलत होती तालावर."

तिनं ओढणीत तोंड खुपसलं आणि हुंदके देऊन रडली. सहा दिवसांत ती पहिल्यांदाच अशी मोकळी रडत असावी. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि फोनकडे बघून हळूच म्हणाली, "पण तुम्ही तर लिहिलंय, निघून गेले."

"खोटं लिहिलं," बळवंतराव म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "घाबरलो. म्हणून तसं लिहिलं."

"आईंसमोर सांगाल हे? माझं कुणी ऐकणार नाही काका. तुमचं ऐकतील."

"सांगेन."

"आत्ता?"

"चल."

मंजिरीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि या माणसाला काय दिसलं नि काय नाही हे घरात त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? "अहो," एवढंच त्या म्हणाल्या. बळवंतरावांनी चपला घातल्या आणि विनितामागे जिना उतरले.

टोपी बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या त्या घरात सात-आठ नातलग बसले होते. सरोजिनीबाई सतरंजीवर, भिंतीला पाठ टेकून. सुतकाचं घर, या-बसा कुणी म्हणालं नाही. बळवंतराव समोर बसले आणि वर्गात शिकवावं तसं त्यांनी सगळं क्रमानं सांगितलं. बूट का काढले, कुठल्या बाजूनं उतरला, पाय कसा गेला. एकदा खोट्यात शिरल्यावर तपशील भराभर सुचत गेले, आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. एका म्हाताऱ्या मामांनी सुस्कारा टाकला. "म्हणजे अपघातच," ते म्हणाले, आणि दोघा-तिघांनी मान हलवली. विनिता बळवंतरावांच्या शेजारी बसली होती. तिचा श्वास त्यांना ऐकू येत होता.

मग सरोजिनीबाईंनी विचारलं, "पडताना हाक मारली का त्यानं?"

याची तयारी बळवंतरावांनी केली नव्हती. "नाही," ते म्हणाले.

"तुम्ही मारलीत?"

बळवंतरावांच्या लक्षात आलं की पुष्करला पडताना पाहिलं असेल तर या प्रश्नाला एकच उत्तर आहे.

"नाही."

"दोघं होतात तुम्ही. फोन होता ना जवळ?"

"होता."

"कुणाला केलात?"

"कुणालाच नाही." शेजारी विनितानं फोन उघडला होता. ती अहवाल पुन्हा वाचत होती, यावेळी शेवटच्या ओळीपर्यंत. वाचता वाचता ती त्यांच्यापासून हातभर लांब सरकली.

"त्यानंतर तुम्ही पक्षी मोजलेत," ती म्हणाली. काका म्हणाली नाही. "तो पाण्यात होता, आणि तुम्ही चौतीस पक्षी मोजलेत. हिरवीत पूर्ण मावतात म्हणून लिहिलंत."

एक वाक्य बोललं असतं तर ते सुटले असते. मी पाहिलंच नाही, मफलर अडकला होता, मला काही माहीत नाही. वाक्य जिभेवर आलं होतं. संभाजीरावांनीही शपथेवर हेच सांगितलं असतं, आणि ते खरं होतं.

"हो," बळवंतराव म्हणाले. "मोजले."

सरोजिनीबाईंनी हात पुढे केला. "विनिता, इकडे ये. माझ्याजवळ बस." विनिता उठून गेली आणि सासूला चिकटून बसली, आणि त्या बाईनं सहा दिवसांनी पहिल्यांदा सुनेच्या पाठीवर हात ठेवला. मग दोघीही बळवंतरावांकडे बघू लागल्या.

"आता उठा," सरोजिनीबाई म्हणाल्या. "आणि पुन्हा या घरात पाऊल टाकू नका."

बळवंतराव उठले. वाट द्यायला कुणी सरकलं नाही, म्हणून भिंतीला धरून, अंग चोरून ते दारापर्यंत गेले.