यंत्राच्या पोटातलं फूल

सकाळपासून अनुजा तावडे त्या यंत्राभोवती नागोबासारखी वेटोळं घालून बसली होती. बसणारच! परळच्या त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना वर्षानुवर्षं तिने फळ्यावर आलेख काढले होते, "पोरांनो, असं दिसतं," म्हणून. पदार्थातून इन्फ्रारेड किरण सोडून त्यात काय दडलंय ते सांगणारं यंत्र आत्ता कुठे दारात आलं होतं. आणि आज कंपनीच्या मयूरने चाचणीत नापास केलं तर ते परत जाणार होतं.

आतल्या काचा मिठासारख्या, पाण्याने विरघळणाऱ्या. म्हणून तिने प्राचार्यांनाही सोडलं नाही.

"सर, नारळ दाराबाहेर. पाणी शिंपडायचं नाही. हळदकुंकूसुद्धा कोरडं!"

"अहो, ही पूजा आहे की शिक्षा?" शरदचंद्र सर पुटपुटले, पण निमूट बाहेर गेले.

पूजा उरकली, मयूरने बटण दाबलं. पडद्यावर सरळ रेघ यायला हवी होती. आला भलामोठा फुगवटा.

"मॅडम, आत ओल आहे. खूप."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. "मी बाहेरच फोडला हो! हातही पुसून आलो."

मयूरने झाकण उघडलं. कोपऱ्यात लाल जास्वंद, देठाशी अजून थेंब.

"हे कोणी ठेवलं? काच गेली असेल तर कंपनी जबाबदार नाही, आधीच सांगतो."

अगं बाई! लालबागच्या घरातून निघताना आईने गणपतीवरचं फूल अनुजाच्या हातात कोंबलं होतं. "मशिनीच्या पोटात ठेव गो, काय एक होवचा नाय." आणि सगळ्यांच्या आधी येऊन, चोरासारखं, तिनेच ते ठेवलं होतं. भीतीपुढे डिग्री काय करणार, कपाळ? देवाचं फूल ओलं असतं, हे डोक्यातच आलं नव्हतं.

"अहवालात माझं नाव लिहा," अनुजाच्या चेहऱ्याकडे बघत सर हळूच म्हणाले. "म्हाताऱ्याच्या हातून होतं."

"नाही, सर." अनुजा पुढे झाली. "फूल माझं आहे. आईने दिलेलं."

मयूरने फूल काढलं आणि आत कोरडी हवा सोडली. आता नुसतं थांबायचं. गणपतीला विनवावं, तर त्याचीही लाज वाटत होती.

"उतरतोय," मयूर म्हणाला. फुगवटा खाली खाली गेला, रेघ सरळ झाली. काच वाचली होती.

अनुजाला रडूच कोसळलं. सर फूल हातात धरून उभे होते.

"मला दाराबाहेर काढलंत, बाई," ते म्हणाले, "आणि स्वतः देवाला आत घेऊन बसलात."

"चुकलं, सर."

"असू दे. आईंना सांगा, फूल पोचलं."