म्हातारीचे ब्रेक

मी आधी चाकं बघितली. तीच कुणी बघू नयेत अशी सगळी व्यवस्था त्यानं केली होती.

बिस्किटाच्या रंगाची, चार दारांची जुनी गाडी. निवृत्त मास्तर रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसतात तशी. मागच्या काचेपाशी टिश्यूचा डबा, त्यावर लोकरीचं विणलेलं कव्हर. उजव्या दाराला पोचा, खालच्या कडेला थोडा गंज. पोचा सहज काढता आला असता. तो मुद्दाम ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

माझ्या मुलीचा बाप गाडीला टेकून उभा होता. आमचा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली. तो गॅरेज चालवतो, मी पोलाद तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. मुलगी माझ्याकडे राहते आणि रविवारी त्याच्याकडे जाते. अठराव्या वर्षी तिला गाडी देणार, असं त्यानं ती पाळण्यात असल्यापासून सांगितलं होतं. लायसन्स हातात आलं आणि पहिल्याच रविवारी सकाळी तो फाटकाशी हजर झाला.

"ही?" तळमजल्यावरच्या काकू झाडांना पाणी घालता घालता थांबल्या. "एकुलती एक मुलगी, आणि तिला ही? अहो, जरा बरी तरी बघायची."

"आमची झेप एवढीच, काकू," तो अगदी गरीब चेहरा करून म्हणाला.

त्याच्या पाठीमागे माझी मुलगी तोंडावर हात दाबून हसत होती. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

इंजिन चालू होतं. आवाज मऊ, जवळजवळ नाहीच. पण त्यानं बॉनेटवर ठेवलेल्या बाटलीतलं पाणी थरथरत होतं. गाडीचं नाक बोटभर खाली बसलं होतं. टायर कोरे होते, मऊ आणि चिकट रबराचे, आणि ते चढवले होते मूळच्याच छोट्या लोखंडी चाकांवर, वर करडी प्लॅस्टिकची झाकणं लावून.

"बॉनेट उघड," मी म्हणाले.

"आल्या. तपासनीस आल्या. अगं, तार अडकलीय. उद्या करतो."

"मग मी उघडते."

"आई, प्लीज ना." मुलगी मध्ये आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काकू बघतायत."

"काकूंनी इंजिन बघितलं तर काय होईल?"

"मजा जाईल."

म्हणजे तिला माहीत होतं. सबंध उन्हाळा ती रविवारी अंधार पडल्यावर घरी येत होती आणि तिच्या नखांत काळं असायचं. मी ते चित्रकलेच्या क्लासमधल्या कोळशाचं समजत होते. तिनं मला तसंच समजू दिलं होतं.

काकू आत गेल्यावर त्यानं बॉनेट उघडलं. आत एका जड, महागड्या गाडीचं इंजिन बसवलेलं होतं. बसवलं कसलं, लहान ट्रंकेत मोठी गादी कोंबावी तसं कोंबलं होतं. पण काम स्वच्छ होतं. प्रत्येक वायर बांधलेली, प्रत्येक नळी जागच्या जागी. त्याचं काम नेहमीच स्वच्छ असतं. म्हणून तर त्याच्याशी भांडायला त्रास होतो.

"म्हातारी म्हणतो आम्ही हिला," तो म्हणाला. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळे त्याचा चेहरा उजळला होता. "सिग्नलला शेजारी एखादा चकचकीत गाडीतला उभा राहणार. तो हिच्याकडे बघून हसणार. हिरवा लागला, की गेली म्हातारी! बसला तो बोंबलत."

"बाबा, त्या दिवशीचं सांग ना, तो पिवळ्या गाडीवाला..."

"म्हणजे तू चालवलीस?" मी विचारलं.

ती बापाच्या मागे सरकली.

"ताकद किती आहे?" मी त्याला विचारलं.

"मूळच्या तिप्पट. थोडी वरच."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक कंपनीचे आहेत. एकदम मस्त."

"इंजिन कंपनीचं आहे?"

"झालं सुरू," तो मुलीकडे वळून म्हणाला.

मी वाकून चाकाच्या झाकणातल्या भोकांतून आत पाहिलं. ब्रेकची डिस्क चहाच्या बशीएवढी दिसत होती. मागच्या चाकांना तर डिस्कही नव्हती, जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक होते. वेग दुप्पट झाला की थांबवायला चौपट ऊर्जा खावी लागते, आणि ती सगळी या बशांनी उष्णता म्हणून पोटात घ्यायची होती.

"एवढं सगळं बदललंस, मग ब्रेक का नाही बदललेस?"

"मोठी डिस्क या चाकात बसत नाही."

"मग मोठं चाक लाव."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला गाडीवर आगीच्या ज्वाळा रंगवायला सांगत होते. "मोठी चाकं? मग राहिलं काय? कोणीही लांबून ओळखेल."

"ओळखू दे."

"तुला नाही कळायचं. तुला गाडीतलं कधी काही कळलंच नाही. तुझं आपलं वजन लाव, तुकडा मोड, आकडा लिही."

"हो. आणि मोडलेलं मोडलं म्हणून लिहिते. तू त्याच्यावर रंग मारतोस."

"आई! बाबा! बास!" मुलगी ओरडली. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. मग ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर तिच्या बापाचा हट्ट होता. "तुला ब्रेकचीच काळजी आहे ना? चल, करून बघू. लागले नीट तर तू पुन्हा एक शब्द बोलायचा नाहीस. मी रोज हीच घेऊन कॉलेजला जाणार, हायवेवरून."

"आणि नाही लागले तर?"

"तर मला नको गाडी."

"मंजूर," तो लगेच म्हणाला.

मीही हो म्हणाले.

जागा मी सुचवली. बंद पडलेल्या कागद कारखान्यामागे ट्रकसाठी केलेला काँक्रीटचा लांब, सरळ रस्ता आहे. रविवारी तिथे कुणी नसतं. शेवटी भिंत नाही. काँक्रीट संपतं आणि पलीकडे भुसभुशीत माती आणि छातीएवढं गवत लागतं. हे मला माहीत होतं, कारण प्रयोगशाळा त्याच रस्त्यावर आहे. त्यानं चालवावी असं मी सांगून पाहिलं. मुलगी ऐकेना. "गाडी माझी, चालवणार मी." तो तिच्या शेजारी बसला, मी मागे.

तिनं ॲक्सिलरेटर दाबला आणि माझी पाठ सीटमध्ये रुतली. खोटं का सांगू, मला मजा आली. वेग चढला तेव्हा मी म्हणाले, "आता." तिनं ब्रेक मारला. गाडी सरळ रेषेत, नाक खाली घालून थांबली.

"काय?" तो मागे वळून म्हणाला. "बोला, बाई."

"पुन्हा."

दुसऱ्यांदाही थांबली, पण रस्ता जास्त घेतला. खिडकीतून करपल्याचा वास आत आला.

"नव्या ब्रेक पॅडला येतो असा वास," तो म्हणाला. पण या वेळी तो मागे वळला नाही.

"पुन्हा," मी म्हणाले.

"पिल्लू, पाच मिनिटं थांब. जरा थंड होऊ दे."

"हायवेवर पुढच्या ट्रकला सांगायचं का तिनं, थांबा, जरा थंड होऊ दे?"

"तू गप्प बस गं!"

"काही होत नाही, बाबा," मुलगी म्हणाली. तिला त्याच्या बाजूनं जिंकायचं होतं. तिनं गाडी वळवून पुन्हा सुरुवातीच्या टोकाला नेली आणि या वेळी आधीपेक्षाही जोरात सोडली.

मी "आता" म्हणाले. तिचा पाय खाली गेला आणि तसाच खाली जात राहिला. ब्रेकचं तेल उकळलं होतं. त्यातल्या वाफेचे बुडबुडेच दाबले जात होते; चाकापर्यंत काही पोचत नव्हतं. "लागत नाहीये! बाबा, लागतच नाहीये!" त्यानं हँडब्रेक ओढला आणि गिअर खाली घ्यायला ओरडला. तिनं घेतला. इंजिन किंचाळलं, मागचा भाग सरकला, काँक्रीट संपलं आणि काचेवर गवत आपटायला लागलं. मातीत रुतत रुतत गाडी एकदाची थांबली.

चारही चाकांतून धूर येत होता. मुलगी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसून होती. मग ती उतरली. ती रडली नाही.

"तुला माहीत होतं?" तिनं बापाला विचारलं. "थंड होऊ दे म्हणालास ना. म्हणजे माहीत होतं."

"अगं, असं सारखं सारखं कोण मारतं ब्रेक? हे हिचं मुद्दाम... मी भारीतलं तेल टाकतो, रेसचे पॅड लावतो. चालेल मस्त."

"मोठी चाकं लाव."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग गाडीकडे.

"पिल्लू, तेवढं सोडून काही पण सांग. मोठी चाकं लावली की ती म्हातारी राहत नाही."

मुलीनं मान हलवली, हिशेब मनाशी पक्का झाल्यासारखी. मला वाटलं, झालं. आता ती माझ्याकडे येईल. ती आली. माझ्यासमोर उभी राहिली.

"आणि तुला? तिसऱ्यांदा लागणार नाहीत, हे तुला माहीत होतं?"

"तिसऱ्यांदा किंवा चौथ्यांदा."

"आणि मला चालवू दिलीस."

"पुढे गवत होतं. मी अंतराचा अंदाज घेतला होता. आणि नुसतं सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं!" आता तिचा आवाज फुटला. "नसतं ऐकलं मी! म्हणून असं करायचं?"

माझ्याकडे उत्तर होतं, बरोबरही होतं. मी ते दिलं नाही.

तिनं किल्ली गाडीच्या टपावर ठेवली. "मला नको ही गाडी. बाबा, मी कॉलेजला बसनं जाईन. आणि तुम्ही दोघंही आत्ता माझ्या मागे येऊ नका."

ती गवतातून वाट काढत काँक्रीटवर गेली आणि कारखान्याच्या फाटकाच्या दिशेनं चालू लागली. आम्ही दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे राहिलो.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

"तू चाकं बदलतो म्हणाला असतास, तर ती तुझ्या बाजूनं राहिली असती."

"आणि तू पाच मिनिटं थांबली असतीस तर?"

मी त्याला तिथेच सोडून निघाले. धावले नाही. तिनं येऊ नको म्हटलं होतं, म्हणून बरंच अंतर ठेवून चालत राहिले. मुख्य रस्त्यावर ती बसथांब्याच्या बाकाजवळ थांबली. तिनं मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी थांब्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिले.

बस आली. ती पुढच्या दारानं चढली. मी मागच्या दारानं चढले.