अडीच लिटर तेल

झुंबरला मंगळवारी संध्याकाळी कामावरून काढलं. पण तसं काही झालंच नाही असं कुणालाही वाटलं असतं, कारण बुधवारी सकाळी नऊच्या ठोक्याला तो आवारात हजर होता आणि जीपची काच पुसत होता. गंगापूर रोडवरच्या त्या सरकारी ऑफिसात, ज्याच्या हातात फडकं आहे त्याला हटकायची रीत नव्हती.

"आण्णा, पाणी भरलंय," तो म्हणाला. "तेल तुमीच बघा. म्या हात नाय लावला."

रंगनाथ ड्रायव्हरने इंजिनातली तेलाची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घालून काढली. तेल खालच्या खुणेशी. तीन महिने हेच चाललं होतं. महिन्याला अडीच लिटर तेल जास्त लागायचं, आणि आवारात थेंब सांडलेला नसायचा. म्हणजे कुणीतरी विकत असणार. रंगनाथ बावीस वर्षांचा पर्मनंट, झुंबर रोजंदारीवर गाडी धुणारा. चौकशी लांबायचं काही कारणच नव्हतं. तीत रंगनाथ एवढंच म्हणाला होता, "मला काही कल्पना नाही." ते खरंही होतं.

पण सोमवारी तेल रंगनाथनेच वरच्या खुणेपर्यंत भरलं होतं. काल साहेबांना सटाण्याला नेऊन आणलं, तेव्हा झुंबर दिवसभर चौकशीच्या बाकावर बसून होता. बाकावर बसून तेल चोरता येत नाही.

रंगनाथने जीप काढली आणि थेट आग्रा रोडवर गेणू मिस्त्रीच्या गॅरेजात नेली.

गेणूने बॉनेट उघडलं, आत हात घातला आणि तसाच थांबला.

"हे काय आहे?"

"मक्याचं कणीस. दाणे काढलेलं."

"ते दिसतंय. इंजिनाला काय जेवायला घातलं का?"

"वास यायचा त्या नळीतून. साहेबांना मळमळायचं."

घरी त्याची बायको मालनबाई रॉकेलच्या बाटलीला कणसाचं बूच मारते, तसं त्याने तीन महिन्यांपूर्वी नळीला मारलं होतं. वास जागच्या जागी बंद. साहेब इतके खूश झाले, की त्यांनी सर्व्हिस बुकात 'कर्तव्यदक्ष' असा शेरा लिहिला. बावीस वर्षांत त्या वहीत रजेशिवाय दुसरं काही लिहिलं गेलं नव्हतं. मालनबाईने त्या दिवशी शिरा केला होता.

गेणू हसला नाही. तो हसला नाही म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"ड्रायव्हरसाहेब, ऐका. इंजिन कितीही चांगलं असू द्या, वर पेट्रोल जळलं की थोडा धूर पिस्टनच्या कडेनं खाली तेलात उतरतोच. सोबत वाफ असते. ते बाहेर जायला ही नळी. तुम्ही तिला बूच मारलं. मग धूर आतल्या आत कोंडला, आणि मिळेल त्या फटीतून तेल घेऊन बाहेर पडला. गाडी उभी केली की जोर संपला, गळती बंद. म्हणून आवार स्वच्छ. तेल सगळं चांदवडच्या रस्त्याला पाजलंय तुम्ही."

त्याने तेल भरायचं झाकण काढून उलटं धरलं. आत कोंडलेल्या वाफेचा पिवळट, खरवसासारखा थर होता.

"जेवल्यावर ढेकर नको म्हणून तुमच्या तोंडात असं कणीस घातलं, तर काय कराल?"

रंगनाथ जरा विचारात पडला.

"कोणी, साहेबांनी?"

"हां, साहेबांनी."

"मग धरून बसेन."

गेणूने कणीस उपटलं. रंगनाथ बराच वेळ हात पुसत राहिला. हाताला काही लागलेलं नव्हतं.

अकरा वाजता तो हेडक्लार्क गायधनी भाऊसाहेबांसमोर उभा होता. सगळं सांगून झाल्यावर भाऊसाहेबांनी पानाची घडी तोंडात सारली.

"म्हणजे चोरी तू केलीस?"

"चोरी झालीच नाही, भाऊसाहेब."

"झाली. झुंबरने काल कबूल केली, अंगठा आहे. एका चोरीला दोन कबुल्या बसत नाहीत, रंगनाथ. शिवाय तुझं खरं धरलं, तर तो शेरा खोटा पडतो. त्याच्यावर साहेबांची सही आहे. सही कशी चुकेल?"

"पण त्याचं काम गेलं."

"जा बाबा. गाडी लाव. साहेबांना बाराला निघायचंय."

झुंबर आता मागच्या चाकाचा चिखल खरवडत होता.

"कबूल का केलंस रे? तू घेतलंच नव्हतंस."

"भाऊसायेब म्हनले, कबूल केलं तर पोलिसात देत नाय." झुंबरने चाकावर पाणी मारलं. "आन् आण्णा, दिवसभर इचारत व्हते. मलाच वाटाया लागलं, घेतलं आसंल."

रंगनाथ त्याच्याशेजारी उकिडवा बसला. मग उठून खिशातलं पेन काढलं, आणि बाराच्या आत, बॉनेटवर कागद ठेवून, एवढ्या वर्षांत वाचून वाचून पाठ झालेल्या भाषेत त्याने लिहिलं:

'सबब मेहेरबान साहेबांस नम्र विनंती की, सदर चोरी झालीच नसल्याचे मान्य करून श्री. झुंबर यांस कामावर घ्यावे; आणि तसे करणे कार्यालयास गैरसोयीचे असल्यास, निदान सदर चोरी अर्जदाराच्या नावे वर्ग करण्यात यावी.'