भिंतीवरची इन्साफ

माझी बहीण इन्साफ मंगळवारी पहाटे गेली आणि दुपारच्या नमाजाआधी तिचा कागद भिंतींवर लागायला हवा होता. आमच्या मीनात, या बंदराच्या गावात, माणूस गेलं की असंच करतात. मशिदीच्या दारावर, बेकरीच्या भिंतीवर, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या विजेच्या खांबांवर, दिसेल तिथे कागद डकवायचा. गेलेल्याचं नाव वर, मागे राहिलेल्यांची नावं खाली, मग दफन कुठे, बायकांनी भेटायला कुठे यायचं, पुरुषांनी कुठे. लोक पाव आणायला निघाले की आधी भिंत वाचतात, मग पुढे जातात.

आणि तो कागद लिहायचा होता मी. आता काय म्हणावं याला? मी पाचवीत शाळा सोडलेली बाई. जन्मभर लोकांचे कपडे शिवले. इन्साफने चाळीस वर्षं मुलग्यांच्या सरकारी शाळेत व्याकरण शिकवलं. आमच्याकडे बोलायची अरबी एक आणि लिहायची दुसरी. बोलायची आईकडून येते, लिहायची शाळेत रडून शिकावी लागते. मी पुरती रडायच्या आधीच मला शाळेतून काढलं, म्हणून माझं लिहिणं बोलण्यासारखंच राहिलं. फ्रिजवर 'दूध संपलंय' अशी चिठ्ठी चिकटवून मी बाहेर पडायचे आणि परत येऊन बघावं तर चिठ्ठीवर लाल रेघा. दूध मात्र आणलेलं नसायचं. मी म्हणायचे, "अगं, तुला कळलं ना दूध संपलंय ते?" ती म्हणायची, "कळलं. पण तू लिहिलं नाहीस, मी ओळखलं."

अशी बाई. सहन करणं सोपं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर तिला तपासायला वह्या उरल्या नाहीत, तेव्हा ती भिंतींकडे वळली. संध्याकाळी समुद्रावर फिरायला निघताना पर्समध्ये लाल पेन. वाटेत कुणाच्या मरणाचा कागद दिसला की थांबायची, चष्मा चढवायची, आधी मेलेल्यासाठी फातिहाची दुआ म्हणायची आणि मग चुका दुरुस्त करायची. लोक तिला मुडद्यांची मास्तरीण म्हणायचे. एकदा एका माणसाने तिला रंगेहाथ पकडलं. "माझा बाप मेलाय आणि तुम्ही त्याचे मार्क कापताय?" इन्साफने पेन बंदसुद्धा केलं नाही. म्हणाली, "बाळा, तुझ्या वडिलांबद्दल यापुढे कुणी काही लिहिणार नाही. हे शेवटचं आहे. ते तरी धड लिहायला नको?" तो बिचारा रडायलाच लागला. मी लाजेने तिचा हात धरून तिला ओढत घरी आणलं.

समोरच्या घरात हयात राहते. लहान असताना तिला इन्साफ आमच्या बाल्कनीत बसवून रोज शुद्धलेखन घालायची. आता ती स्वतः एका मोठ्या खाजगी शाळेत अरबीच शिकवते. रोज सकाळी कामावर जाण्याआधी आमच्याकडे कॉफी प्यायला यायची. दोन वर्षांपूर्वी तिने कौतुकाने शाळेच्या समारंभाची पत्रिका आणून दिली. मजकूर तिनेच लिहिलेला. इन्साफने कॉफी पिता पिता ती लाल करून परत दिली.

हयातचा चेहरा उतरला. म्हणाली, "मिस, आता आम्ही शुद्धलेखनाचे मार्क कापत नाही. मुलाला काय म्हणायचंय ते कळलं की पुरे. अर्धी मुलं तर फोनवर अरबी लिहितात तीसुद्धा इंग्रजी अक्षरांत."

"मग तुला पगार कशाचा देतात?"

"मुलं घाबरतात हो. पालक तक्रार करतात."

"तू घाबरायचीस?"

"घाबरायचे." हयात उठून उभी राहिली. "हे दार उघडताना माझ्या पोटात दुखायचं, मिस. तुम्हाला कधी कळलंच नाही."

त्यानंतर ती आली नाही. जिन्यात भेटली तर सलाम करायची, तेवढंच. इन्साफ मात्र कॉफी तिघींचीच टाकायची. "हात बसलाय," म्हणायची. उरलेली कॉफी बेसिनमध्ये ओतायची आणि कप स्वच्छ धुऊन पालथा घालायची. माफी माग म्हणून मी किती सांगितलं. "चूक तिची आणि माफी मी मागू?" म्हणे. शेवटी मीही सांगणं सोडून दिलं.

तर त्या मंगळवारी मी छापखान्यात अबू अदनानला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, जनरेटर अकरापर्यंतच आहे, त्यानंतर वीज कधी येईल सांगता येत नाही. लिहीत बसू नका. जे लिहायचंय ते बोलून पाठवा, मी टाइप करतो." मी रडत रडत फोनमध्ये बोलले. पाच मिनिटांत त्याचा फोन आला.

"भाऊ कोण लिहू?"

"भाऊ नाही."

"पुतणे, भाचे, चुलत कुणी?"

"चुलत होते ते ब्राझीलला गेले. आजोबांच्या काळात. फक्त माझं नाव घाल. बहीण, बहीजा."

"पुरुषांनी भेटायला कुठे यायचं?"

"माझ्या घरात पुरुष आहे का भेटायला? बायकांचं लिही, घरी, तीन दिवस. बाकी सोडून दे."

तो थोडा अडखळला. "खाली फारच मोकळी जागा राहतेय, मावशी. कागद रिकामा दिसतो."

"मग दिसू दे रिकामा," मी म्हटलं आणि फोन ठेवला. पण त्या बोलण्याने मला जे लागलं ते तिच्या जाण्यानेही तोवर लागलं नव्हतं. दुसऱ्यांच्या कागदावर नावांची दाटी असते, जावयाच्या भावापर्यंत सगळे येतात. आणि हिच्या नावाखाली एक शिवणकाम करणारी म्हातारी.

अकराच्या सुमारास हयात आली. दोन वर्षांनी आमचं दार ओलांडून आत आली. इन्साफला आंघोळ घालायला तिने मदत केली, केस विंचरले, कापूर लावला. सगळं झाल्यावर मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच विचारलं, "मावशी, कागद कुणी लिहिला?"

"मी. अबू अदनानला बोलून पाठवला. का?"

तिने कापराची डबी उगाच पुसायला घेतली.

"चुका आहेत का?"

"आज राहू दे ना, मावशी."

"हयात, आहेत का?"

"आहेत. तुम्ही बोललात तसंच त्याने टाइप केलंय."

मी छापखान्यात फोन लावला. जनरेटर बंद झाला होता. कागद मीनाभर लागलेले होते. अबू अदनान म्हणाला, "अहो, कोण बघतंय? हल्ली सगळे असेच छापून जातात." त्याचंही खरंच होतं. बघणारी एकच होती आणि ती आतल्या खोलीत पांढऱ्या कापडात होती.

जनाजा गेल्यावर मी खाली उतरले आणि आमच्याच दाराशेजारचा कागद वाचला. दोनदा वाचला, बोट ठेवून वाचला. मला एकही चूक सापडली नाही. माझ्या डोळ्यांना तो कागद नवीन शिवलेल्या फ्रॉकसारखा नीटनेटका दिसत होता. तेव्हा मला खरं कळलं की मी आता एकटी आहे. चुका असणार, त्या सगळ्यांना दिसणार, आणि कुठे आहेत ते मला सांगणारी गेलेली.

तीन दिवस मी दार उघडं ठेवून बसले. शेजाऱ्यांच्या खुर्च्या आणल्या होत्या, कडू कॉफीचा मोठा थर्मास भरला होता, खजूर मांडले होते. पहिल्या दिवशी इमारतीतल्या बायका येऊन गेल्या, हयातची आई आली, माझी दोन-चार जुनी गिऱ्हाइकं आली. दुसऱ्या दिवशी त्याहून कमी. हयात शाळा सुटल्यावर येऊन कप भरायची, पण भरायला कुणाचे? मला राग यायला लागला. चाळीस वर्षं या बाईने या गावाच्या पोरांच्या वह्या घरी आणून तपासल्या. जेवताना ताटाशेजारी वह्या, आईच्या आजारपणात उशाशी वह्या. लग्न का नाही केलंस विचारलं तर म्हणायची वेळ कुठे होता. आणि आता एकालाही जिना चढवत नाही? मग वाटलं, बरोबरच आहे. कोण येईल हिच्या मरणाला? जिवंतपणी भेटली तरी लोक रस्ता बदलायचे. वरून तिच्याच कागदावर चुका. आत्तापर्यंत गाव हसून लोळलं असेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीत मी आणि खुर्च्या एवढेच उरलो. तेव्हा मी उठले. ओलं फडकं घेतलं, कणीक खरवडायचं उलथनं घेतलं. म्हटलं, पाहुणे नाहीत तर नाहीत, पण हसं तरी व्हायला नको. सगळे कागद खरवडून काढायचे.

आधी बेकरीकडे गेले. फडकं भिंतीवर टेकवणार तोच बेकरीवाला फव्वाज पिठाच्या हातांनी बाहेर आला. "हात लावू नका, मावशी."

"माझ्या बहिणीचा कागद आहे. काढते मी."

"आधी बघा तरी."

चष्मा लावून बघितलं तर कागद लाल झाला होता. ओळी ओळींत रेघा, गोल, वर लिहिलेली अक्षरं, अगदी इन्साफ करायची तसं. वाटलं, ही परत आली की काय.

"कुणी केलं हे?"

"मी थोडं केलं. थोडं त्या मासेवाल्याने केलं. आमचं एकमत होईना, म्हणून गॅरेजवाल्यालाही बोलावलं." फव्वाजने हात पुसले. "तिघेही मिसचे विद्यार्थी. मी तर दोनदा नापास."

आणि खाली, जिथे अबू अदनानला रिकामं दिसत होतं, तिथे नावं होती. बहीण बहीजा, आणि तिच्याखाली लाल, निळ्या, जे हाताला लागेल त्या पेनाने लिहिलेली नावं. तिचा विद्यार्थी अमुक, तिचा विद्यार्थी तमुक. एकमेकांना ढकलून, काठापर्यंत.

मी चिडूनच म्हटलं, "मग घरी का नाही आलात रे मेल्यांनो? तीन दिवस मी खुर्च्या राखत बसलेय."

फव्वाज खाली बघायला लागला. "कसे येणार, मावशी? कागदावर फक्त बायकांचं लिहिलंय. पुरुषांनी कुठे यायचं ते कुठे आहे? तुमच्या घरात पुरुष नाही, मग बायकांच्या बैठकीत आम्ही शिरायचं? इथे येऊन फातिहा म्हणतो नि नाव लिहितो, दुसरं काय करणार?"

खरंच, दुसरं काय करणार होते ते. मुलग्यांच्या शाळेत शिकवणारी बाई, तिची सगळी माणसं पुरुष, आणि मी त्यांना दारच ठेवलं नव्हतं. तिथेच पायरीवर बसून मी रडले. फव्वाजने पाणी आणून दिलं आणि दुसरीकडे बघत उभा राहिला.

हयात मला शोधत आली तेव्हा मी मशिदीपर्यंत पोचले होते. दारावरच्या कागदात जागा संपून नावं भिंतीवर उतरली होती. आम्ही दोघी उभ्या राहून वाचू लागलो, म्हणजे ती वाचत होती आणि मी ऐकत होते. मध्येच ती थांबली. "हे बरोबर होतं ते यांनी चुकीचं केलंय. आणि याला विद्यार्थी हा शब्द लिहिता येत नाही."

"असू दे."

"मिसना राहवलं नसतं."

"पहिली लाल रेघ कुणाची इथे?" मी विचारलं.

ती पर्सची चेन मागे-पुढे करत राहिली. मी म्हटलं, "तुझं नाव दिसत नाही खाली."

"नाही लिहिलं. त्या पत्रिकेनंतर..." तिने चेन बंद केली. "मावशी, मिस बरोबर होत्या. मला तेव्हाच माहीत होतं. पण वर्गात मला घाबरलेलं पोर बघवत नाही. दोन्ही खरं आहे, तर मी काय करू?"

मी फ्रॉक शिवणारी. मला एवढंच ठाऊक होतं की दोन वर्षं रोज एक कप धुऊन पालथा घातला गेला. ते मी तिला सांगितलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मग पर्समधून लाल पेन काढून भिंतीवर आपलं नाव लिहिलं. बरोबर लिहिलं की नाही, मला कळलं नाही.

फव्वाजने त्याच्या भिंतीवरचा कागद नंतर अलगद सोडवून मला दिला. तो मी फ्रिजवर लावला. दुसऱ्या दिवशी हयात सकाळी कॉफीला आली, बोलली, बसली, आणि मग तिची शाळेची वेळ झाली. ती गेल्यावर घर एवढं गप्प झालं की मी उगाच मशीन चालवत बसले, सुईखाली कापड नसताना. मग बाहेर पडताना सवयीने एक चिठ्ठी लिहिली, दूध संपलंय, आणि त्या कागदाशेजारी चिकटवली.

संध्याकाळी परत आले, दिवा लावला आणि आधी फ्रिजकडे गेले. चिठ्ठी मी लिहिली होती तशीच होती.